पहिलीची पाटी आणि पगाराची चिठ्ठी
(हिंगोली येथे गिरणी कामगारांपुढे केलेले भाषण)



दिल्ली-मुंबईत काय शिजते त्याचा हिशेब आम्ही दर आठवड्याला तुमच्यापुढे मांडतो. आज हिशेब भाषेचा. कोणी म्हणेल, पोटाचे बोला, भाषेचे काय काढले? तर ऐका, ही पोटाचीच गोष्ट आहे.

16 एप्रिल 2025 रोजी राज्य सरकारने हुकूम काढला. मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची! ओरड झाली तेव्हा 17 जूनला 'सक्ती' हा शब्द पुसला. दुसरी भाषा हवी तर मागा म्हणाले, पण वर्गात मागणारी 20 मुले पाहिजेत. आता सांगा, सेनगाव-औंढ्याकडच्या वाडीवरच्या शाळेत पहिलीला मुळात 20 लेकरे असतात कुठे? शब्द गेला, सक्ती राहिली. अखेर लोक उठले आणि 29 जूनला दोन्ही हुकूम रद्द झाले.

हिंदीशी आमचे वैर नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातला, घाटावरचा आणि उत्तर प्रदेशातला कामगार एकाच खात्यात राबला, 1982 च्या संपात एकत्र उपाशी राहिला. आपल्या नरसीचे नामदेव महाराज उत्तरेत गेले, तिकडच्या बोलीत गायले. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांच्यावर कोणी हुकूम बजावला होता काय?

आपण सूत काढणारी माणसे. पेळू कच्चा निघाला तर रिंग खात्यात धागा तुटतच राहतो, जोडणाऱ्याने कितीही हात चालवले तरी. लेकराचा पेळू म्हणजे त्याची मायबोली. तो आधी पक्का होऊ द्या.

मराठवाड्याला हे कोणी शिकवायला नको. निजामाच्या राज्यात दरबार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूत. उर्दू गोड भाषा, आपल्या पाळीतले कितीतरी भाऊ ती बोलतात. पण ज्याला ती येत नव्हती, त्याला सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी गेली, 1956 ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या. त्या लढ्यात शंभरावर माणसे गेली, त्यांत कामगार होते. कशासाठी? आपला कागद आपल्याला वाचता यावा, यासाठीच ना?

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंद आहे! पण फाटकावरची नोटीस इंग्रजीत लागते आणि बदली कामगार न वाचता सही ठोकतो, त्याचे काय? योगायोग पाहा, 70 वर्षांनी त्याच 21 नोव्हेंबरला, 2025 साली, दिल्लीने 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू केल्या. त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते पत्र कुठल्या भाषेत? वाचताच आले नाही, तर कामाचे तास किती, पगार किती, नोकरी कायम की मुदतीची, हे कळणार कसे?

म्हणून आमच्या मागण्या दोन. पहिलीच्या लेकराला आधी त्याची मायबोली. आणि नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, नोटीस मराठीत. तोवर एक करा. न कळणाऱ्या कागदावर सही करण्याआधी तो युनियनच्या माणसाला दाखवा.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!