बनारसीदासांची खतावणी

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



दिवाळीपूर्वी जुनी दप्तरे उपसताना आपल्याच हस्ताक्षरातील एखादा पिवळा कागद हाती येतो आणि मन ओशाळते. तो फाडून टाकावा, हा पहिला विचार. कविवर बनारसीदासांच्या मनातही तो आला होता.

इ.स. १५८६ मध्ये जौनपुरात, श्रीमाळ जैन व्यापारी कुळात त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी शृंगाराने भरलेली हजार पद्यांची ‘नवरस’ पोथी रचली. पुढे गोमतीच्या पुलावर मित्रांना ती वाचून दाखवीत असता त्यांना उपरती झाली. एक असत्य वचन जीवास अधोगतीला नेते, मग ही हजार कल्पित पद्ये? पोथी नदीत गेली. सुटी पाने प्रवाहावर पसरली, मित्र हळहळले, वडील मात्र आनंदले.

परंतु खरे धैर्य पुढेच आहे. पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, आग्र्यात त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून हे अर्धे. त्यात त्या बुडविलेल्या पोथीची नोंद त्यांनी स्वतःच केली. पाने गेली, खाते खोडले नाही!

वडिलांनी जवाहिर, तूप, तेल, कापड देऊन आग्र्याला पाठविले. त्या व्यापारात खोट आली. पुढे कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवले. हिशेब झाला चौदा रुपये. आपल्यापैकी किती व्यापारी अशी उधारी चरित्रात लिहितील? नऊ अपत्ये झाली, एकही जगले नाही, तेही लिहिले.

शेवटी स्वतःचे गुण आणि दोष त्यांनी शेजारी-शेजारी मांडले. क्षमाशील, संतोषी, काव्यपठणात निपुण, ही जमेची बाजू. नावे बाजूस काय? क्रोध, मान, माया अल्प. परंतु लक्ष्मीचा मोह मोठा. लाभ होता हर्ष, हानी होता शोक. जप-तप नाही. खोट्या गोष्टी रंगवून सांगण्याची हौस, आणि एकांत मिळाला की नाचणे! आत्म्याचा विचार करणारा, ‘समयसार नाटक’ रचणारा हा पंडित नाचण्याची सवयही लपवीत नाही. यात पश्चात्तापाचा आक्रोश नाही, फुशारकीही नाही. पेढीवरचा मुनीम शिल्लक काढतो, तितक्या शांतपणे त्यांनी स्वतःला पाहिले.

पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून हा ग्रंथ प्रसिद्ध केला. उरलेल्या अर्ध्या आयुष्याची कथा बनारसीदासांच्या हातून लिहिली गेली नाही.