आधी मुळांकडे पाहू या
(हंगामाच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेले भाषण)



लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक ते तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी एक वर्ष मागून घेतो आणि भोवती खणून खत घालण्याची तयारी दाखवतो. या दाखल्यावरून आपण पश्चात्तापाचा बोध घेतो, तो योग्यच आहे. आज मी त्या माळ्याच्या कामाविषयी बोलणार आहे.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात वारली, कोकणा, ठाकूर आणि महादेव कोळी कुटुंबांचे पोट पावसाळी भात आणि नागलीवर आहे. पीक पिवळे पडले की घरचा माणूस घाबरतो आणि उसने पैसे घेऊन औषध आणतो. पण प्रत्येक पिवळे पान रोगाचे नसते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्र कमी पडले आहे. रोप जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देते. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येऊन वाढ खुंटली, तर ते जस्ताच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. भुकेल्या रोपावर कीटकनाशक मारून काय होणार? पीक जाते, उसनवारी राहते, आणि दिवाळीनंतर सारे कुटुंब वीटभट्टीची वाट धरते. मुलांची शाळा तिथेच सुटते.

याच्या उलटही घडते. युरिया जास्त झाला की भात हिरवेगार दिसते, पण लुसलुशीत होते आणि करपा व तुडतुड्यांना बळी पडते. म्हणून युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्यायचा.

गावच्या बैठकांत आम्ही कमी खर्चाच्या गोष्टी सांगतो. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे. तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढून टाकावेत, आणि तळाचे बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीच्या वेळी गाडावा. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडावेत, म्हणजे त्यांवरची खोडकिड्याची अंडी शेतात जात नाहीत. गाभा सुकलेली रोपे उपटून नष्ट करावीत. पक्ष्यांना बसायला शेतात काठ्या रोवाव्यात. कीड दिसू लागताच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा, म्हणजे 100 लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी.

एवढे करूनही कधी रासायनिक औषध लागतेच. तेव्हा कृषी सहायकाला विचारून, नेमके औषध नेमक्या प्रमाणात घ्यावे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या पाड्यांवरही उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर फवारणारे हात आहेत.

आपण दरवर्षी घोंगड्या आणि धान्य पाठवता, त्याबद्दल मनापासून आभार. यंदा त्यासोबत माती परीक्षणाची फी, हातमोजे, मास्क आणि गिरिपुष्पाच्या छाटांसाठीही हात पुढे करा. ज्यांना जमेल त्यांनी जूनमध्ये एक दिवस आमच्याबरोबर पाड्यावर या आणि मिठाच्या पाण्यात बियाणे निवडायला बसा.

माळ्याने एका वर्षाची मुदत मागितली होती. आमच्या शेतकऱ्यांनाही पुढचा हंगाम हवा आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि आमच्याबरोबर मातीत हातही घाला.