आरशासमोरचा हिशेब

(एका महिला मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संयोजकांनी मला 'स्त्री आणि अर्थकारण' असा भारदस्त विषय दिला होता. मी त्यांना विनंती केली की, अर्थसंकल्पाऐवजी मला आरशापुढे उभे राहू द्या. घराबाहेर पडण्यापूर्वी स्त्री रोज जे प्रसाधन करते, त्याचा खर्च किती आणि तो तिच्याकडून नेमके कोण वसूल करते, एवढेच मला आज बोलायचे आहे.

माझी भाची नोकरीनिमित्त पुण्यात माझ्याकडे राहते. एका खासगी कंपनीत ती काम करते. हाती पगार येतो २८,००० रुपये. गेल्या वर्षी तिच्याच संमतीने मी एका महिन्याची वही ठेवली. फेसवॉश, सनस्क्रीन, क्रीम, काजळाची पेन्सिल, लिपस्टिक, केसांचे सिरम. शिवाय महिन्यातून दोनदा ब्युटी पार्लर. बेरीज आली २,६०० रुपये, म्हणजे पगाराचा जवळजवळ अकरावा हिस्सा. आरशासमोर रोज ३५ मिनिटे. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले, तर १७५ तास झाले. आठ तासांचा दिवस मानला, तर वर्षातले जवळजवळ २२ दिवस ही मुलगी बिनपगारी काम करते. ही मिनिटे येतात कुठून? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रियांची त्यासाठीची रोजची सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषांची ८८ मिनिटे निघाली. त्या २८९ मिनिटांतून कोणी सूट देत नाही. झोपेतूनच ती कापली जातात.

वही मी माझ्या बहिणीला, म्हणजे तिच्या आईला, फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "नटण्यामुरडण्याचा नाद, दुसरे काय!" मलाही प्रथम तसेच वाटले होते. मग भाचीने तिचे वार्षिक मूल्यमापन माझ्यापुढे ठेवले. कामाविषयी दोन बऱ्या ओळी आणि खाली शेरा: 'दिसण्याकडे अधिक लक्ष द्यावे.' तिच्या शेजारी बसणारा तरुण चुरगळलेल्या सदऱ्यात येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याच्या कागदावर असा शेरा नाही. त्या दिवसापासून मी त्या २,६०० रुपयांना हौस म्हणणे सोडले.

हौस निराळी असते. माझ्या आजीची फणेरपेटी आपल्यापैकी अनेकींनी आपापल्या घरी पाहिली असेल. झाकणाला आतून आरसा, खणात फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. केसांना रिठे-शिकेकाई, दिवाळीला उटणे. सगळा खर्च काही आण्यांचा. व्याख्यानांतून या पेटीचे गुणगान करण्याची रीत आहे आणि मीही ते केले आहे. परंतु आजोबा गेले, त्या दिवशी ती पेटी माळ्यावर गेली, ती पुन्हा खाली आली नाही. कुंकवावर आजही जीएसटी शून्य आहे. टिकली, सिंदूर, काचेच्या बांगड्या यांनाही कर नाही. (काजळाचे गंमतशीर आहे: डबीतल्या काजळाला कर नाही, त्याची पेन्सिल झाली की कर लागतो!) तरीही जिच्या कपाळावरून ते पुसले गेले, तिला त्याची किंमत विचारावी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आजीला जाऊन बरीच वर्षे झाली होती.

आता गोरेपणाकडे वळते, कारण खरा खर्च तिथे आहे. हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आणली. पुढे रंग उजळण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती घराघरांत पोहोचल्या. सावळी मुलगी मागे पडते, क्रीम लावते आणि तिला नोकरी किंवा नवरा मिळतो, अशी ती कथा. २०२० मध्ये कंपनीने नावातील 'फेअर' हा शब्द काढला व 'ग्लो' घातला. शब्द गेला, अपेक्षा कुठे गेली?

नामांकित कंपन्यांच्या मालाविषयी पुढचे विधान नाही. झटपट गोरेपणाची हमी देत फिरणाऱ्या बिनपत्त्याच्या क्रीमविषयी आहे. अशा अनेक क्रीममध्ये पारा सापडला आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याची क्रिया पारा रोखतो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो. फसवणूक असती तर परवडली असती, भगिनींनो! पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या चाळणीला इजा करणाऱ्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट, एरवी क्वचित आढळणारा प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावत असल्याचे सांगितले. क्रीम थांबवल्यावर बहुतेक जण सुधारले, हे नशीब. चेहऱ्याची क्रीम आणि पायांवरची सूज यांचा संबंध घरातल्या कोणाच्या मनात येणार?

हा बाजार बाहेरून आला, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. रविवारच्या वर्तमानपत्रांतील वधू-वर जाहिराती मी तीस वर्षे पाहत आले आहे. 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' हे शब्द कोणत्याही कंपनीने आपल्याला शिकवलेले नाहीत. कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन मुलीच्या कोपराकडे पाहणाऱ्या आत्याबाई आपल्याच घरातल्या. "चेहऱ्यावर पावडर आहे, हात बघा," हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. ते माझ्याविषयीच होते.

गेल्या मार्गशीर्षात भाचीचे परिचयपत्रक भरायचे होते. विवाह मंडळाच्या छापील नमुन्यात शिक्षण, उंची, गोत्र आणि 'वर्ण' असे रकाने होते. 'वर्ण' मी कोरा ठेवला. तिकडून फोन आला, "ताई, एक रकाना राहिलाय." मी म्हटले, "राहिलेला नाही, ठेवला आहे." बाई हसल्या आणि बरे म्हणाल्या. मला जरा अभिमानही वाटला. दोन आठवड्यांनी ते पत्रक छापून घरी आले. माझ्या बहिणीने परस्पर फोन करून तो रकाना भरून घेतला होता. 'निमगोरी.' भाचीने ते वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि आरशासमोर जाऊन बसली. तिची सात चाळीसची बस होती.