पगारातून कापले जाणारे दोनशे रुपये
(नाशिक येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



तुमच्यापैकी नोकरी करणाऱ्यांनी पगाराची स्लिप काढून पाहा. बहुतेकांच्या स्लिपमध्ये व्यवसाय कर म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतील. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळाने खेडी मोडली होती. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेला विचार साधा होता: मागेल त्याला काम. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या कमावत्यांनी खर्चाचा वाटा उचलायचा आणि गावातल्या मजुराने काम घ्यायचं, तेही उपकार म्हणून नव्हे तर हक्क म्हणून.

आज हे आठवायचं कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. दुष्काळाच्या जोडीला आता अवकाळी पाऊस आणि गारपीट आहे. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात द्राक्षबागा उद्ध्वस्त झाल्या. पंचनामे झाले. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कुठल्या यंत्रणेत कोणाला जागा आहे हे कळायला मी तिचे रकाने बघतो. नुकसानभरपाई असो की पीक विमा, तिथे जमिनीचा गट क्रमांक लागतो. बागायतदाराचं नुकसान खरंच आहे, त्याच्या डोक्यावर कर्जही आहे. पण बाग गेली की विरळणी, डिपिंग, काढणी, पॅकिंग ही कामंही जातात. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या आदिवासी मजुराच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोणी करत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईची तीच गत. आपल्या समाजातल्या गावाकडच्या कितीतरी भूमिहीन घरांचीही तीच.

रोजगार हमीचं मोल इथे कळतं. ती काम मागणाऱ्याला सातबारा विचारत नाही. शिवाय तिच्यातून झालेले बांध, पाझर तलाव, विहिरी पुढच्या दुष्काळात उपयोगी पडतात. काम वेळेवर निघत नाही, मजुरी रखडते, या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांवर भांडायला हातात कागद लागतो. लेखी मागणी केल्यावर १५ दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता मागता येतो. मागणी तोंडी राहिली, तर दप्तरी कोणी काम मागितलेलंच नसतं.

संकटात आपण शिध्याची किट वाटतो, जकात देतो. ते चालूच ठेवू. पण मदत देणाऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून असते. हक्काला तारीख असते, त्याचा जाब विचारता येतो.

म्हणून एक काम सांगतो. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा मजुरी करणारी दहा घरं गाठा. जात-धर्म विचारू नका. कामाच्या मागणीचे अर्ज भरून द्या, ग्रामपंचायतीत सोबत जा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: गारपिटीत ज्यांचा रोज बुडाला, त्यांची यादी कुठे आहे? यादी नसेल, तर ती करायला तिथेच बसा.