जुनी मोटार : जीव आणि विमा

आमच्या सोनपेठ भागात जुनी मोटार घेणारा माणूस आधी बॉनेटवर थाप मारून बघतो. पत्रा जाड वाजला की म्हणतो, "गाडी भक्कम आहे!" पण जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे.

कडब्याच्या गंजीवर उडी मारली तर माणूस उठून चालू लागतो. तीच उडी फरशीवर मारली तर हाड मोडतं. उंची तीच, माणूस तोच. फरक एवढाच, की गंज दबते आणि अंगाला थांबायला वाव देते. बेला बारेनी या इंजिनिअरने हेच तत्त्व मोटारीला लावले. पुढचा भाग चुरगळावा, माणसे बसतात तो कप्पा शाबूत राहावा. १९५९ साली मर्सिडीजची अशी मोटार निघाली. त्याच साली व्होल्वोच्या नील्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टा आला. आपल्याकडे चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ती नाहीच. मग आधार उरतो तो पट्ट्याचा. शेजारच्या परळीचे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात गेले. ते मागच्या आसनावर होते. पट्टा बांधला असता तर वाचले असते, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले होते.

आता विम्याचे बघू. कायद्याने सक्तीचा आहे तो दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा. तेवढाच असेल तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीला पैसाही मिळत नाही. तोही नसेल, तर जखमीची भरपाई मालकाच्या डोक्यावर येते, आणि शेत विकूनही ती फिटेल असे नाही.

पूर्ण विमा असला, तरी पाच वर्षांवरील गाडीची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. समजा, ती लाख रुपये लिहिली आणि दुरुस्ती ऐंशी हजारांची निघाली. खर्च पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, की गाडी 'पूर्ण नुकसान' धरतात. लाखातून मालकाचा सक्तीचा वाटा वजा होतो. मोडकी गाडी आपण ठेवून घेतली तर तिचीही किंमत वजा होते. दुरुस्तीच झाली, तर सर्वसाधारण पॉलिसीत दहा वर्षांवरील गाडीच्या बदललेल्या धातूच्या भागांची निम्मीच किंमत मिळते.

तेव्हा हप्ता भरण्याआधी पॉलिसीवर लिहिलेली किंमत वाचून घ्या. शिक्षकांनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडावे, आणि सोबत हेही सांगावे, की वेग दुप्पट झाला तर धडकेचा जोर चौपट होतो. ऊसतोडीच्या दिवसांत, रात्री दिवा नसलेली ट्रॉली अचानक पुढ्यात दिसते, तेव्हा कामाला येतात ते बेताचा वेग आणि बांधलेला पट्टा. विमा येतो तो त्यानंतर.