पहिल्या वर्षाचे विषय

माझी पुतणी अमेरिकेत कायदा शिकते. पहिल्या वर्षाचे विषय तिने फोनवर सांगितले : करार, मालमत्ता, अपकृत्ये, फौजदारी कायदा, दिवाणी प्रक्रिया आणि राज्यघटना. मी म्हटलं, ‘‘अगं, यातले तीन तर तुझ्या बाबांनी नवलाख उंबऱ्यातच गिरवले!’’

आमच्या मावळात कारखाने आले, जमिनींना भाव आला. दादांनी इसार देऊन शेजारच्या जमिनीचं साठेखत केलं आणि जमीन आपली झाली असं मानलं. पण १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, की नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत हक्क निर्माण होत नाही; त्याला नोंदणीकृत खरेदीखत लागतं. समोरचा टाळू लागला, तर करार पुरा करून घेण्याचा दावा ठरल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. तारीख ठरलेली नसेल, तर नकार कळल्यापासून तीन वर्षांत. दादा शब्दावर विसंबले. मुदत गेली, जमीनही गेली.

करार, मालमत्ता, प्रक्रिया; तिन्ही विषयांत दादा नापास! फी मात्र पुरी भरली.

पुतणी म्हणाली, ‘‘काका, हे आधी कुणी सांगितलं का नाही?’’ म्हणून आज सांगतो आहे. इसार देण्याआधी कागद जाणकाराला दाखवा आणि कागदावरची तारीख विसरू नका.