मोटारीच्या पोटांतलें तेल

एंजिनाच्या तेलाची आठवण मोटारीच्या धन्याला कोणी करून द्यावी लागत नाहीं. दांडी ओढून तो तें वरचेवर पाहतो; काळें दिसलें कीं अस्वस्थ होतो. परंतु त्याच गाडीच्या पोटाखालीं, गिअरपेटी आणि डिफरन्शियल या दोन लोखंडी पेट्यांत कोंडलेल्या तेलाची वास्तपुस वर्षानुवर्षें होत नाहीं. त्या तेलाला पाहण्याची दांडी बहुधा नसते, दिवा लागत नाहीं आणि तक्रार करावयाची तर तें गुपचूप दांते झिजवून करतें.

१९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची जपानी गाडी लोकांपुढें आली. एंजिन पुढें, ओढ मागच्या चाकांना, वजन बेताचें. इंग्लंड-अमेरिकेंतील कित्येक हौशी माणसें या जुन्या गाड्या घरच्या अंगणांतच दुरुस्त करतात. थंड सकाळीं दुसरा गिअर पडतांना ती कुरकुरते, ही तिची प्रसिद्ध खोड. अशा वेळीं गिअरपेटी खोलण्याचा मोठा खर्च करण्यापूर्वी दोन लिटर तेल पालटून पाहणें शहाणपणाचें असतें. डिफरन्शियलला तर लिटरभर किंवा त्याहूनहि कमी तेल पुरतें.

मात्र दोन्हीं ठिकाणीं एकच तेल ओतावें हा समज घातक आहे. डिफरन्शियलमधील पिनियन हें मोठ्या चक्राच्या मध्यरेषेखालीं बसविलेलें असतें. ही हायपॉइड रचना पॅकार्ड कंपनीनें १९२६ सालीं मोटारींत आणली. तिच्यामुळें गाडीचा तळ खालीं आला. पण दांते एकमेकांवर नुसते टेकत नाहींत, दाबाखालीं घसरतात. साध्या तेलाचा पापुद्रा तेथें फाटतो. म्हणून गंधक व स्फुरद यांचीं संयुगें घातलेलें जीएल-५ जातीचें तेल लागतें. गिअरपेटींत मात्र पितळेचीं कडीं असतात. गिअर पडण्यापूर्वी घर्षणानें तीं दोन चक्रांची गति जुळवितात. फार निसरडें तेल त्यांच्या कामांत व्यत्यय आणतें, आणि कांहीं तेलांतील तीव्र गंधक पितळाला खातो. म्हणून पुष्कळ जाणते लोक गिअरपेटीसाठीं सौम्य जीएल-४ पसंत करतात. अखेरचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा. डब्यावरचा ७५-डब्ल्यू-९० हा आंकडा पाहूनहि घाबरूं नये. गिअरच्या तेलाची मोजपट्टीच निराळी. एंजिनाच्या चाळीस-पन्नास अंकी तेलाइतकेंच तें दाट असतें.

आतां खऱ्या धोक्याकडे. या कामांत माणसें मरतात तीं तेलानें नव्हे, गाडीखालीं चिरडून. जॅक हा उचलण्यासाठीं असतो, तोलून धरण्यासाठीं नव्हे. त्यांतील एक रबरी कडें फाटलें कीं सारी गाडी खालीं येते. विटा रचून भागवूं नये, त्या अचानक फुटतात. कठीण, सपाट जमिनीवर चारीं बाजूंस लोखंडी घोड्या लावाव्या, गाडी हातानें जोरांत हालवून पाहावी, आणि मगच अंग आंत घालावें. चारीं घोड्या लावण्याचें दुसरें कारण असें कीं गाडी समतल नसली तर तेलाची पातळी खोटी दिसते.

त्यापूर्वी थोडें फिरवून तेल कोमट करावें, म्हणजे तें गाळासह वाहतें. तापलेल्या नळकांड्याला मात्र हात लावूं नये. पुढचा नियम प्रत्येकानें गांठीं बांधावा: भरण्याचें बूच आधीं सोडवावें, निथळण्याचें मागाहून. पुष्कळांनीं उलट केलें आहे. तेल सांडून गेलें, भरण्याचें बूच गंजून बसलेलें, आणि गाडी कोरड्या पेट्यांसह घोड्यांवर चढलेली, अशी फजिती त्यांच्या वांट्यास येते.

निथळण्याच्या बुचाला चुंबक असतो. त्यावर करडा, मऊ चिखल दिसला तर तें नित्याचें झिजणें होय. बोटांना टोंचणारे तुकडे निघाले तर दांता तुटला असें समजावें. नव्या तेलानें तो रोग बरा होणार नाहीं. चुंबक पुसून, बुचाखालीं नवा वायसर घालून, पुस्तकांत सांगितलेल्या जोरानेंच आवळावें. मग हातपंपानें, किंवा वरून लांब नळी सोडून, भरण्याच्या भोंकांतून तेल वाहूं लागेपर्यंत भरावें. धार थांबून थेंब उरले कीं बूच लावावें.

या तेलाचा दर्प कपड्यांना कित्येक दिवस सोडीत नाहीं, तेव्हां जुनेच कपडे घालावे हें घरांतील माणसांच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें. काढलेलें तेल गटारांत ओतूं नये. ब्रिटनमध्यें तो अपराध आहे, आणि तेथें नगरपालिकांच्या केंद्रांत तें स्वीकारतात. नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यांत तें भरून न्यावें. परततांना दुसरा गिअर कसा पडतो, तेंहि तेवढ्यांत कळतें.